अद्भुतकथाकाराची दिनचर्या

जो लेखक आपल्या वाचकास चंद्रावर नेतो, समुद्राच्या तळाशी फिरवितो आणि पृथ्वीच्या पोटात उतरवितो, त्याचे स्वतःचे जीवनही तसेच विलक्षण असले पाहिजे, अशी सामान्य समजूत असते. तो रात्र रात्र जागत असेल, लहर लागेल तेव्हा लिहीत असेल आणि एरवी आकाशाकडे पाहत बसत असेल, असे चित्र आपण मनाशी रंगवितो. घरातील एखादा मुलगा अभ्यास टाकून स्वप्नरंजनात गुंगला, तर 'त्याची प्रतिभा निराळी आहे' असे म्हणणारी एखादी आत्या किंवा आजी प्रत्येक घरात असतेच. परंतु ज्या फ्रेंच ग्रंथकारास विज्ञानकथेचा एक आद्य प्रवर्तक मानतात, त्या ज्यूल व्हर्नची दिनचर्या पाहिली, तर ही समजूत मुळापासून हादरते. त्याचे जीवन एखाद्या सरकारी कचेरीतील हिशेबनिसाइतके आखीव होते. त्याच्या नवलकथा या आखीवपणातून जन्मल्या, आणि त्या आखीवपणाची किंमतही कोणास तरी मोजावी लागली. या दोन्ही बाजूंचा जमाखर्च वाचकांपुढे मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्या साहित्यशास्त्रकारांस या विषयाची उत्तम जाण होती. मम्मटाने काव्याच्या उत्पत्तीस शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तीन गोष्टी सांगितल्या. पण या तिहींना त्याने तीन निरनिराळी कारणे म्हटलेले नाही, तिन्ही मिळून एकच कारण म्हटले आहे. केवळ प्रतिभा म्हणजे तेलवातीवाचूनची ज्योत. त्याच्याही पूर्वी, दहाव्या शतकाच्या सुमारास, राजशेखराने 'काव्यमीमांसा' ग्रंथात कवीची दिनचर्याच लिहून ठेविली. दिवसाचा पहिला प्रहर विद्यांच्या अभ्यासाचा, दुसरा रचनेचा, भोजनोत्तर तिसरा काव्यगोष्ठीचा आणि चौथा प्रहर सकाळी रचिलेल्याची परीक्षा करण्याचा. ज्या राजशेखराच्या पूर्वजास 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणून गौरविले गेले, त्याचे हे वेळापत्रक व्हर्नच्या वाचनात आले असण्याचा संभव नाही. तथापि सुमारे हजार वर्षांनंतर फ्रान्समधील एका प्रांतिक नगरात तो जवळजवळ त्याच बरहुकूम वागत होता. फरक एकाच प्रहराचा होता, आणि त्याविषयी पुढे लिहावयाचे आहे.

व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी नान्त या बंदराच्या गावी झाला. पिता वकील, पाच भावंडांत हा वडील. वडील मुलाने पित्याची गादी चालवावी हा शिरस्ता तिकडेही होताच. त्याप्रमाणे १८४८ च्या सुमारास तो कायद्याच्या अभ्यासासाठी पॅरिसमध्ये राहिला. परीक्षा उतरला, परंतु १८५२ साली पित्याने वकिली हाती घेण्यास सांगितले तेव्हा त्याने नम्रपणे नकार दिला. एका नाटकगृहात चिटणिसाचे काम पत्करले, नाटके लिहिली, आणि 'म्युझे दे फामीय' नावाच्या, कुटुंबांकरिता निघणाऱ्या एका मासिकात गोष्टी लिहिण्यास आरंभ केला. उरलेला वेळ तो राष्ट्रीय ग्रंथालयात भूगोल, प्रवासवृत्ते आणि नवे शास्त्रीय शोध वाचण्यात घालवी. या वाचनाचे पुढे काय होणार, हे त्याचे त्यालाही त्या वेळी ठाऊक नसावे.

१८५७ च्या जानेवारीत ओनोरीन नावाच्या विधवेशी त्याने विवाह केला. तिला पहिल्या पतीपासून दोन मुली होत्या. एकाएकी चार माणसांच्या संसाराचा भार शिरावर पडला आणि नाटकांच्या उत्पन्नावर तो पेलणे शक्य नव्हते. तेव्हा पित्याच्या साहाय्याने तो पॅरिसच्या शेअरबाजारात दलालीच्या व्यवसायात शिरला. दिवस बाजाराचा, म्हणून लेखनास पहाट उरली. पुढे जन्मभर टिकलेली पहाटे पाचची सवय कोणा गुरूच्या उपदेशाने लागलेली नाही, संसाराच्या गरजेने लागलेली आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८६१ साली त्यास मुलगा झाला. त्याचे नाव मिशेल.

१८६३ च्या जानेवारीत 'बलूनमधून पाच आठवडे' ही त्याची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली आणि एका दिवसात नव्हे, तरी एका वर्षात त्याचे दैव पालटले. तिचा प्रकाशक एत्झेल हा मोठा चोखंदळ आणि तितकाच व्यवहारी गृहस्थ होता. १८६४ साली त्याने मुलांच्या शिक्षणाकरिता व मनोरंजनाकरिता एक पाक्षिक काढले. व्हर्नने मजकूर पुरवावा, तो प्रथम पाक्षिकात क्रमशः यावा, मग पुस्तकरूपाने निघावा आणि शेवटी चित्रांसह मोठी आवृत्ती व्हावी, अशी ही व्यवस्था. करारान्वये आरंभी वर्षाकाठी तीन भाग द्यावयाचे होते; १८७१ पासून ते दोनांवर आले. म्हणजे या गृहस्थाने चंद्रावरचा प्रवास वायद्याने केला, आणि समुद्राचा तळही हप्त्याहप्त्याने गाठला! वायदा आला की प्रतिभा पळते असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य पाहावे. त्याच्या हयातीत 'असाधारण प्रवास' या मालेत ५४ कादंबऱ्या निघाल्या.

याच एत्झेलने त्याचे एक पुस्तक साफ नाकारलेही. 'विसाव्या शतकातील पॅरिस' ही कादंबरी व्हर्नने याच सुमारास लिहिली होती. तीत १९६० सालचे नगर रंगविले आहे: वेगाने धावणाऱ्या गाड्या, यंत्रे, पेढ्या, सर्वत्र व्यापार. तिचा सोळा वर्षांचा नायक लॅटिन पद्यरचनेत पहिले पारितोषिक मिळवितो आणि जमलेले लोक त्याची हुर्यो उडवितात, कारण त्या युगात जुन्या भाषांची कोणास गरज उरलेली नाही. ज्याने आपली हयात संस्कृतच्या वर्गावर घालविली, त्यास हे वाचून काय वाटत असेल, हे निराळे सांगणे नको. एत्झेलला ही कादंबरी कच्ची व निराशाजनक वाटली. व्हर्नने वाद घातला नाही, हस्तलिखित बाजूस ठेविले आणि पुढील पुस्तकास हात घातला. ते हस्तलिखित १९८९ साली त्याच्या पणतवास एका जुन्या तिजोरीत सापडले आणि १९९४ साली छापले गेले. त्या दुर्दैवी नायकाचे नाव मिशेल आहे, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

१८७१ साली व्हर्न पत्नीच्या माहेरगावी, आमियाँ येथे, कायमचा राहावयास गेला. पुढील चौतीस वर्षांची त्याची दिनचर्या, त्यास भेटावयास आलेल्या पत्रकारांच्या वृत्तांतांवरून तपशीलवार कळते. पहाटे पाचला उठावे, थंडीत किंचित उशिरा. अकरा वाजेपर्यंत लेखन व मुद्रिते तपासणे. मग भोजन. दुपारी गावातील औद्योगिक मंडळाच्या वाचनालयात जावे, पंधरा निरनिराळी वृत्तपत्रे व शास्त्रीय नियतकालिके वाचावी आणि उपयोगी वाटेल ते टिपून घ्यावे. रात्री आठ-साडेआठला निजावे. या टिपणांची संख्या वीस हजारांवर गेली होती. एखाद्या बेटावरील वनस्पती, एखाद्या बोटीचा वेग, एखाद्या खाणीची खोली, असे सर्व काही त्या टिपणांत वर्गवारीने लावलेले असे. शास्त्रज्ञ तो नव्हता. पण शास्त्रज्ञ काय करीत आहेत हे त्यास रोज ठाऊक असावे लागे.

१८८९ च्या नोव्हेंबरात नेली ब्लाय नावाची अमेरिकन पत्रकार तरुणी त्याच्या कादंबरीतील नायकाहूनही कमी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करण्यास निघाली असता वाट वाकडी करून त्यास भेटली. (तिने ती ७२ दिवसांत पुरी केली.) एवढ्या नामांकित ग्रंथकाराची अभ्यासिका पाहून ती चकित झाली. खोली अगदी लहान. एक मेज, त्यावर नीटनेटके रचलेले कागद, आणि बहुतेक काही नाही. दुसऱ्या एका पाहुणीने तेथे एक साधी खाट असल्याचेही लिहिले आहे. खिडकीतून आगगाडीचा रस्ता दिसे. सारे जग ज्या खोलीतून निघाले, तिचा विस्तार आपल्या वाड्यातील माजघराच्या कोनाड्याहून फारसा मोठा नव्हता.

लेखनाची त्याची रीतही पाहण्यासारखी आहे. आरंभ, मध्य आणि शेवट ठरल्यावाचून तो पुस्तकास हात घालीत नसे. प्रथम आराखडा, मग प्रकरणांची आखणी. कागदाचा अर्धा भाग दुरुस्त्यांकरिता कोरा सोडून पहिला खर्डा तो शिसपेन्सिलीने लिही व त्यावरून शाईने गिरवी. इतके झाल्यावर आपण म्हणू, पुस्तक झाले. परंतु व्हर्नच्या मते खरे काम येथून पुढे सुरू होई. छापखान्यातून पहिली मुद्रिते आली, म्हणजे कच्चा माल हाती आला असे तो समजे. सात-सात, आठ-आठ वेळा मुद्रिते दुरुस्त करी आणि वाक्यामागून वाक्ये बदली. राजशेखराचा तो चौथा प्रहर, परीक्षेचा, हाच. आपला निबंध एकदा लिहून झाला की पुन्हा डोळ्यांखालून न घालणारे विद्यार्थी ज्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले, त्या शिक्षकवर्गास या गृहस्थाविषयी आपुलकी वाटल्यावाचून राहणार नाही.

टिपणांतून कथा कशी उभी राहते याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा'. १८७२ च्या अखेरीस ती पॅरिसच्या 'ल ताँ' या दैनिकात क्रमशः आली. कथेचा नायक फॉग पूर्वेकडे पूर्वेकडे जात पृथ्वीस वळसा घालतो, पाच मिनिटांनी उशीर झाला असे समजून हताश होतो, आणि मग कळते की आपणास एक दिवस अधिक मिळाला आहे. ही जादू नाही, गणित आहे. पृथ्वीचे ३६० अंश. पूर्वेस एक अंश सरकले की सूर्योदय चार मिनिटे आधी होतो. ३६० गुणिले ४ म्हणजे १४४० मिनिटे, म्हणजे बरोबर चोवीस तास. हा हिशेब घरातील कोणताही सातवीचा मुलगा पाटीवर करू शकेल. परंतु या रुक्ष हिशेबात कथेचा कळस दडला आहे हे ओळखणे, ती शक्ती. आणि तो हिशेब आधी माहीत असणे, ती निपुणता.

या कथेत आपली मुंबई आहे, मलबार हिलवरील देऊळ आहे, सह्याद्रीचे घाट ओलांडणारी आगगाडी आणि खानदेशाचा प्रदेशही आहे. व्हर्नने हिंदुस्थान कधीही पाहिला नाही. हे सर्व त्या टिपणांतले. आणि टिपणांची मर्यादाही येथेच उघडी पडते. कथेची नायिका औदा ही जन्माने पारशी, मुंबईच्या व्यापारी घराण्यातील. तिचा विवाह बुंदेलखंडच्या वृद्ध राजाशी लावून तिला सती घालण्याचा प्रसंग त्याने योजिला आहे. पारशी कन्या, हिंदू राजा आणि सहगमन! मुंबईतील कोणत्याही शाळकरी मुलाने ही विसंगती दाखविली असती. वीस हजार टिपणे जे सांगू शकत नाहीत ते शेजार सांगतो, एवढाच याचा बोध.

तथापि आपल्या देशाविषयी त्याच्या मनात ओढ होती यात शंका नाही. 'समुद्राखाली वीस हजार लीग' या कादंबरीतील पाणबुडीचा अधिपती कॅप्टन नेमो, ज्याच्या लॅटिन नावाचाच अर्थ 'कोणीही नव्हे' असा, तो मुळात रशियनांनी छळलेला पोलंडचा सरदार व्हावयाचा होता. रशियातील ग्राहक दुखावतील म्हणून एत्झेलने ते मानले नाही. अखेर १८७५ साली पूर्ण झालेल्या 'गूढ बेट' या कादंबरीत उलगडा झाला: नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या युद्धात इंग्रजांशी लढून सर्वस्व गमावलेला. पुढे १८८० साली 'वाफेचे घर' आली. तिचा आरंभ तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, होतो. नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर करणारी सूचना भिंतीवर लागलेली असते, आणि कथा वेरूळच्या लेण्यांपर्यंत जाते. नानासाहेबांचे चित्र तीत इंग्रजांच्या वृत्तांतांवरून काढलेले असल्याने आपणास ते रुचण्याजोगे नाही. नेमोच्या डोळ्यांनी त्याने जे युद्ध पाहिले, तेच येथे तो दुसऱ्या किनाऱ्यावरून पाहतो.

येथवर जमेची बाजू झाली. आता खर्चाची पाहू.

पहाटे पाचपासून अकरापर्यंत बंद असलेल्या दारामागे कथा घडत होत्या. दाराच्या अलीकडे एक मुलगा वाढत होता. मिशेल हूड निघाला, उधळा निघाला, कोणाचे ऐकेनासा झाला. पित्याने काही महिने त्यास मेत्रे येथील सुधारगृहवजा वसाहतीत ठेविले. तेही साधले नाही, तेव्हा १८७८ साली एका व्यापारी जहाजावर उमेदवार खलाशी म्हणून चढवून त्यास हिंदुस्थानाकडे धाडून दिले. म्हणजे जो देश पित्याने केवळ कागदावर पाहिला, तो पुत्रास शिक्षा म्हणून पाहावा लागला! याहून हृदयास बोचणारी गोष्ट ही की, त्याच १८७८ साली व्हर्नची 'पंधरा वर्षांचा कप्तान' ही कादंबरी एत्झेलच्या पाक्षिकात चालू होती. तीतील पोरका डिक धीराचा, सालस, कर्तव्यतत्पर. जहाजाचा सर्व भार एकटा शिरावर घेणारा. फ्रान्समधील हजारो घरांत तो आदर्श मुलगा वाचला जात असता, त्याच्या निर्मात्याचा सोळा वर्षांचा मुलगा दूर समुद्रावर अपराधी म्हणून दिवस कंठीत होता.

यात दोष कोणाचा, याचा निवाडा परक्याने करू नये. मुलगा खरोखर अवघड होता. परतल्यावरही एका नटीशी लग्न, कर्जे, पुन्हा दुसरा संसार, असे प्रकार झाले व ती देणी पिता फेडीत राहिला. पण राजशेखराच्या वेळापत्रकातील जो प्रहर व्हर्नच्या दिवसात नव्हता, तो येथे आठवतो. भोजनानंतरचा तिसरा प्रहर राजशेखराने गोष्ठीस दिला आहे: चार माणसांत बसावे, आपले ऐकवावे, दुसऱ्याचे ऐकावे. स्वतः राजशेखराने आपली पत्नी अवंतिसुंदरी हिची मते आपल्या शास्त्रग्रंथात नावानिशी नोंदविली आहेत. व्हर्नचा तो प्रहर पंधरा वृत्तपत्रांनी खाल्ला. ओनोरीनबाई पाहुण्यांचे स्वागत करीत, घर सांभाळीत. पण त्या अभ्यासिकेत काय शिजत आहे याच्याशी त्यांचा संबंध क्वचितच येई.

१८८६ हे वर्ष त्याच्यावर वज्राघातासारखे आले. ९ मार्च रोजी त्याचा आवडता पुतण्या गास्तों याने वेडाच्या भरात त्याच्यावर पिस्तुलाच्या दोन गोळ्या झाडल्या. एक डाव्या पायात रुतली आणि तो जन्माचा लंगडा झाला. आठवडाभरातच एत्झेल वारला; पुढील वर्षी माता गेली. १८७७ साली ५५,००० फ्रँक देऊन घेतलेली लाडकी वाफेची नौका त्याने त्याच वर्षाच्या आरंभी विकून टाकली होती. सागराचा हा गायक पुन्हा सागरावर गेला नाही. परंतु पहाटेचे पाच चुकले नाहीत. १८८८ साली तो आमियाँच्या नगरपालिकेवर निवडून आला आणि पंधराएक वर्षे नाट्यगृह, रस्ते, जत्रा यांची कामे इमानाने पाहत राहिला. गावात पक्की सर्कस-इमारत उभी राहिली तीही याच काळात. मधुमेह जडला, डोळ्यावर मोतीबिंदू आला, तरी टाक थांबला नाही. २४ मार्च १९०५ रोजी, ७७ व्या वर्षी, त्याचा अंत झाला. मेजाच्या खणात कित्येक अप्रकाशित हस्तलिखिते शिल्लक होती.

ती हस्तलिखिते कोणी छापविली? त्याच मिशेलने. पितापुत्रांचा समेट बराच आधी झाला होता. १८८९ साली व्हर्नच्या नावाने अमेरिकेत प्रसिद्ध झालेली भविष्यकाळातील एका दिवसाची कथा बहुतांशी मिशेलनेच लिहिलेली होती. पित्यामागे १९१९ पर्यंत तो एकेक कादंबरी बाहेर काढीत राहिला. १९७० नंतरच्या दशकात एका इटालियन अभ्यासकाने मूळ हस्तलिखिते ताडून पाहिली, तेव्हा दिसून आले की मिशेलने ती केवळ छापली नव्हती. प्रकरणे वाढविली होती, पात्रे घातली होती, शेवट बदलले होते. विद्वानांनी त्यास अपराध म्हटले, आणि ग्रंथसंपादनाच्या दृष्टीने तो अपराध खराच. पण कुटुंबाच्या दृष्टीने पाहता, जे दार बालपणी त्याच्यासाठी बंद होते ते अखेर उघडून, पित्याच्या मेजापाशी बसण्याचा त्यास दुसरा कोणता मार्ग होता?

आपल्याकडे भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या कथा रसाळ मराठीत आणल्या आणि कित्येक घरांतील मुलांनी त्या सुटीत ओसरीवर लोळून वाचल्या. आज तीच मुले स्वतः आजोबा झाली आहेत. त्यांच्या घरात एखादा नातू किंवा नात गोष्टी लिहू लागली असेल, तर व्हर्नकडून पहाट, टिपणवही आणि आठ वेळा तपासणे या तीन गोष्टी तिने अवश्य घ्याव्यात. त्यांवाचून केवळ कल्पनेवर इमारत उभी राहत नाही. परंतु दुपारचा तिसरा प्रहर मात्र तिने राजशेखराकडून घ्यावा, आणि त्या प्रहरी अभ्यासाच्या खोलीचे दार उघडे ठेवावे. घरातल्या लहान मुलास आत येऊन 'पुढे काय झाले?' असे विचारता आले पाहिजे. गोष्ट लिहिणाऱ्यास त्याहून मोठा परीक्षक मिळणार नाही.